घरातलं एक लायसन

आमच्या एजंट मंडळींत किस्से शोधावे लागत नाहीत. भिवंडीत चार एजंट चहाला बसले की कप रिकामे व्हायच्या आत नवा किस्सा तयार! बाकीचे सांगताना एकमेकांना टाळ्या देतात. माझं मात्र डोकं फिरतं, कारण किस्सा कुणाचाही असो, त्यात लायसन माझं असतं! तुम्ही खुशाल हसा. मी रागावूनच सांगणार.

*

फ्लॅट विकून द्यायचा धंदा करायचा तर आता रेराचं, म्हणजे घरबांधणीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं लायसन लागतं. क्लास करा, परीक्षा द्या, पास झालात तर नंबर मिळतो. मी गोडाऊनमधलं पॅकिंगचं काम सोडून परीक्षेला बसले. पहिल्यांदा नापास झाले, घरच्यांची बोलणी खाल्ली, परत बसले आणि पास झाले. आज आमची चूल त्या नंबरावर पेटते. कुणी तक्रार केली आणि लायसन गेलं तर मी परत पॅकिंगला.

माझा दीर बाळू त्याच क्लासला होता. त्याच्या वाट्याच्या अंजूरच्या जमिनीवर गोडाऊन उभं राहिल्यापासून तो स्वतःला बाळूशेठ म्हणवून घेतो. सरांनी विचारलं, "फ्लॅट पन्नास लाखांचा, दलाली दोन टक्के. एजंटला किती मिळतील?"

बाळू उभा राहिला. "सर, आधी सांगा, मधी किती जण हायेत?"

"मधे कोणी नाही."

"मग असा सौदा भिवंडीत झालेलाच न्हाय, सर!"

वर्ग हसला, बाळू नापास झाला. परत बस म्हटलं तर म्हणतो कसा, "कशाला गो वयनी? घरात गॅसचं कनेक्शन एकच असतं ना? सगळ्यांचं जेवन होतं ना त्याच्यावर? तसंच लायसन!"

*

पुढच्याच महिन्यात अंजूर फाट्यावर बाळूच्या वाढदिवसाचा बॅनर लागला. गॉगल, गळ्यात साखळी, हात जोडलेले, आजूबाजूला पोरांचे फोटो. आणि खाली, बाळूच्या नावाला चिकटून, माझा लायसन नंबर!

मी रिक्षातून तिथेच उतरले आणि त्याला फोन लावला. "बाळू, वाढदिवसाच्या बॅनरवर माझा नंबर कशाला?"

"वयनी, तूच सांगितलंस ना, जाहिरातीवर नंबर टाकायचा नियम हाय! मी नियम पाळतो तरी तुझा तरास!"

मी घरी जाऊन आकांडतांडव केलं. मिस्टर म्हणाले, "भाऊ आहे, सांभाळून घे." सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या मानही वर न करता म्हणाल्या, "वापरून नंबर झिजतो का गो?" मी पाणी प्यायले आणि त्यांच्याबरोबर भाजी निवडायला बसले.

त्या दिवशी विषय सोडून दिल्याचा मला आजही संताप येतो. कारण मग चुलत दिराने नंबर घेतला, त्याच्या मेव्हण्याने घेतला, मेव्हण्याच्या पार्टनरने घेतला. मी विचारलं की प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं, "वहिनी, आपण काय परके आहोत?"

*

इम्तियाजभाई मात्र परकेच. त्यांचे कापडाचे लूम बंद पडले तसे ते फ्लॅटच्या धंद्यात आले. एक दिवस मिठाईचा पुडा घेऊन माझ्या गाळ्यावर हजर. "भाभी, आपका नंबर बहुत लकी है! कार्ड पे डाला और दो सौदे हो गये!"

मी पुडा परत त्यांच्या हातात दिला. "इम्तियाजभाई, वो लायसन है, ताबीज नहीं! आजच्या आज कार्डावरून काढा."

बिचारे ओशाळले. चौथ्या दिवशी नवीन कार्डं घेऊन आले. बघते तर नंबर तोच, फक्त शेवटचा आकडा बदललेला!

"अब आपका नहीं है, भाभी," ते म्हणाले. "अब तो खुश?"

तो आकडा कुठल्या गरिबाचा असेल, देव जाणे!

*

बाळूला एकदा मी बसवून हिशोब शिकवला. तो सगळीकडे सांगत फिरायचा की आपला धंदा म्हणजे दोन टक्के निव्वळ नफा. मी म्हटलं, आलेली सगळी दलाली म्हणजे नफा नव्हे, बाबा! गाडीचं डिझेल धर. बॅनर धर. गिऱ्हाईकांना घातलेलं जेवण धर. मधल्यांचे वाटे धर. महिन्याला निदान किती सौदे झाले की हा खर्च भरून निघतो, ते काढ. त्याच्या पुढे उरेल तो नफा.

काढलं. बाळू महिनाभर पळून तोट्यात निघाला. त्याने पेन उचललं आणि खर्चाच्या सगळ्या आकड्यांवर काट मारली.

"वयनी, तू खर्च धरतेस म्हणून तोटा येतो!"

*

आणि गिऱ्हाईकं? ती काय कमी आहेत! एकाला मी बुकिंगची रीतसर पावती दिली. इमारतीची रेरातली नोंदणी दाखवली, कार्पेट एरिया म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, हे टेपने मोजून दाखवलं. त्याचा चेहराच उतरला.

"ताई, एवढं कागदावर कशाला? काही लफडं आहे का?"

दुसऱ्या दिवशी तो बाळूकडे गेला. बाळूने ना पावती दिली, ना टेप काढली. त्याला नुसता उसाचा रस पाजून "काळजी करू नका, मी हाय ना" म्हणाला. सौदा झाला! मी घरी येऊन भांडी आपटली.

*

आता हा शेवटचा. मागच्या महिन्यात दिघाशीचं एक जोडपं माझ्या गाळ्यात शिरलं. नवरा गोडाऊनमध्ये माल चढवतो, बायको वैशाली शिवणकाम करते. दोघांनी अंबाडीच्या बाजूला फ्लॅट बुक केला होता. तिथे नुसते चार खांब उभे. इमारतीची नोंदणीच नाही, बिल्डरचा फोन बंद. वैशालीने कार्ड माझ्या टेबलावर आपटलं. वर नाव बाळूचं, खाली नंबर माझा.

"ताई, हे कार्ड माझं नाही," असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण ती थांबलीच नाही.

"आम्ही येडे न्हाय, ताई! मोबाईलवर रेराच्या साइटवर नंबर टाकून बघितला आम्ही. खरा निघाला. तुमचं नाव आलं, तुमचा फोटो आला. बाळूशेठ म्हणाले, ही माझी वयनी हाय. तुमचा फोटो बघून पैसे दिले आम्ही!"

माझ्या अंगाची आग आग झाली. मी बाळूला बोलावलं, चुलत दिराला, त्याच्या मेव्हण्याला, मेव्हण्याच्या पार्टनरलाही. माझा नंबर लावून धंदा करणारे सगळे गाळ्यात ओळीने उभे. बाळू म्हणाला, "मी फकत जागा दाखवली गो. बिल्डर पळाला त्याला मी काय करू?"

"दलालीचे पैसे परत दे."

"ते वाटले ना सगळ्यांत!"

बाकीचे तिघे जमिनीकडे बघायला लागले. मी लॅपटॉप उघडला, रेराच्या तक्रारीचं पान काढलं आणि वैशालीपुढे सरकवलं. बाळू हसला. "करू दे की तक्रार. बिल्डरवर करा."

"एजंटवरही होते," मी म्हणाले. वैशालीने विचारलं, एजंटच्या नंबराच्या जागी काय टाकू?

तेव्हा कुठे बाळूचा चेहरा पडला. "वयनी, डोकं फिरलं का तुझं? तुझंच लायसन जाईल!"

"माझं एकटीचं?" मी चौघांकडे एकदा नीट बघून घेतलं. "वैशाली, लिही."

आणि नंबर एका दमात सांगितला.