झाकण लावणं म्हणजे बंद करणं न्हाय

कुणी लॅपटॉप दुरुस्तीला आणला, की मामा आधी तो उलटा करायचे, डिस्कच्या जागी बोटानं टकटक करायचे आणि विचारायचे, "कुलूप हाय का?"

शाहूपुरीत खाली त्यांचं दुरुस्तीचं दुकान, वर माझं टायपिंग; सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मी गडचिरोलीकडची, आठवीत शाळा सुटलेली. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकून मला दिला तो मामांनीच, आणि डिस्कला कुलूपही घातलं, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं अक्षरही कुणाला वाचता येऊ नये. शेजारचे झेरॉक्सवाले हसले, "टायपिंगला कशाला हे? मशीनची बैलगाडी हुईल की!"

"काय राव! लिनक्सचा कर्नल म्हंजे यंत्राच्या पोटातला कारभारी. कुलूप त्योच सांभाळतोय. पोरीला फरक कळतबी न्हाय, तुमाला कुठं दुखतंय?" मग माझ्याकडे वळून, "पण झाकण लावणं म्हंजे बंद करणं न्हाय हां. चालू यंत्राचं कुलूप उघडंच असतंय."

मी मुळात भित्री. लॅपटॉप बंद करायची, पुन्हा झाकण उघडून बघायची, जिन्यावरून परत फिरायची. मामा ओरडायचे, "नाडी बघतीस व्हय त्याची?"

एका दुपारी स्टँडवर माझी बॅगच गेली. आत लॅपटॉप, आणि त्यात गिऱ्हाइकांची आधार कार्डं, एका बाईंचे घटस्फोटाचे कागद. मी रडतच दुकानात शिरले. मामांनी पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "बंद केलतास, का नुसतंच झाकण लावलतंस?"

"बंद. दोनदा बघितलं."

मामा खो खो हसले. "मग चोराला नुसता पत्रा घावला! भित्री हायस म्हणून वाचलीस."

"बाईंना नाही सांगत, मामा. काम जाईल माझं."

"सांगायचं. आत्ता."

ते स्टूल ओढून शेजारी बसले. मी बाईंना फोन लावून चोरीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुणाला वाचता येईल का ते?"

"नाही. कुलूप आहे त्याला."

मग म्हणाल्या, "बरं. मी कागद परत घेऊन येते. उद्या टाईप होतील ना?"

आता मामा शाहूवाडीला भातशेती बघतात. खाली चपलांचं दुकान आलंय. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, उपकार करून वर दम देणारा.

चोरी झाली त्याच संध्याकाळी त्यांनी मला दुसरा लॅपटॉप तयार करून दिला. "पासवर्ड तुझा तू टाक. मलाबी सांगू नगंस," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझे डोळे भरलेले, अक्षरंच दिसेनात.

"झालं का गं?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"थांबा, मामा."

"थांबलोय की."