पाहुण्यांपुढची परीक्षा

मुलीला पहिलीतून काढलं तेव्हा खुटबावात मला शहाणपण शिकवायचं कुणी बाकी राहिलं नाही. शाळेच्या गाडीचा हॉर्न ऐकला की पोरगी रोज उलटी करायची. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. मग मीच घरी शिकवायचं ठरवलं. बी.एड. करून भाकऱ्या थापतच होते, म्हटलं निदान एवढं तरी कामाला येईल. सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, "एक वरीस बघतो. न्हाई जमलं तर पोरगी शिरूरला आत्याकडं. तितं मोठी शाळा हाय." नवरा काही बोलला नाही. तो कंपनीत बोलत नाही आणि घरी तर त्याहून नाही.

मी लागले कामाला. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं, रंगीत पेनांनी. नऊला प्रार्थना, सव्वानऊला मराठी, दहाला गणित. काय हौस माझी! पण आमच्याकडं घड्याळ चालतं ते शेतीच्या लाईटवर. थ्री फेजची लाईट एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री, आणि ती आली की हातातलं टाकून मोटार चालू करून उसाला पाणी द्यायला पळायचं. दहाचं गणित बारावर जायचं, बाराचं चित्र बुडायचं, आणि बुडालेल्या प्रत्येक तासाचा राग पोरीवर निघायचा. अक्षर वाकडं आलं की मी पान खोडायला लावायची. एका दुपारी तिसऱ्यांदा खोडताना ती वहीवरच ओकली. हॉर्न नाही, गाडी नाही, समोर फक्त मी होते. वही धुवून वाळत घातली आणि त्याच हातानं ते वेळापत्रक टराटरा फाडलं.

दुसऱ्या दिवसापासून तिला बरोबर शेतात न्यायला लागले. पाणी सरीच्या टोकाला पोचलं की ती बांधावरून ओरडायची, मी पुढची सरी फोडायची. अमक्या वेळात इतक्या सऱ्या भिजल्या, मग अंधार पडायच्या आत किती राहतील, हे ती काडीनं मातीत मांडून सांगायची. चुकायची, पुसायची, परत मांडायची. खताच्या गोण्या वाचायची. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गावातले झाडून सगळे भावी सरपंच, तेही मोठ्यानं वाचायची आणि विचारायची, "आई, इतके सरपंच बसणार कुठं?" कधी दोन-दोन दिवस वही उघडायची नाही. सुरुवातीला माझ्या जिवाची घालमेल व्हायची. मग बघितलं, पोरगी पोटभर जेवतेय, रात्री दचकत नाही. उलट्या थांबल्या त्या थांबल्याच. वर्षभरात मला एवढंच कमवायचं होतं आणि ते मी कमवलं होतं, अगदी छातीठोक सांगते.

पण आमच्याकडं पोराची हुशारी ठरते यात्रेला. मटणाची पंगत उठली की पाहुणे सुपारी कातरत बसतात आणि घरातल्या पोरांना पुढं बोलावून पाढे घेतात. त्या वर्षीच्या यात्रेला कासुर्डीचे मामा, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा आणि तिथल्या सोसायटीचे चेअरमन, ऐसपैस टेकून म्हणाले, "हं, बाळ, तेराचा पाढा म्हण बरं."

पोरगी म्हणाली, "तो येत न्हाई. पन् चार-चार जण बसवलं तर समद्यांना किती गाड्या लागतील ते सांगू?"

ओसरी खदाखदा हसली. मामा म्हणाले, "तोंड लई चालतंय, पन् पाढा न्हाई. घरात ठिवून काय शिकवलं मग?" आबांची मान खाली गेली. मी दारातून नवऱ्याकडं बघितलं. उलट्या कुणी पुसल्या होत्या, रात्री पोरीला थोपटत कोण बसत होतं, सगळं त्याला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं मान खाली घालून अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरायला घेतली. त्याची ती मान आजही डोळ्यासमोर आली की माझं डोकं फिरतं. जूनमध्ये पोरीला शिरूरला धाडलं. मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. "वरीस झालं," एवढंच आबा म्हणाले.

दिवाळीला आली. अंगानं बरीच वाळली होती, वेणी मात्र चापूनचोपून. मामाही आले होते. तिनं हात बांधून तीसपर्यंत पाढे म्हटले, कुठं अडखळणं नाही की चूक नाही. अक्षर तर छापल्यासारखं. "आता कसं!" मामा म्हणाले. आबांनी पेढे वाटले, नवरासुद्धा हसला. मला म्हणाला, "बघ, उगीच रडत होतीस." मी पेढा हातात धरून चुलीपाशी आले.

पोरगी मागोमाग आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबली, उजवा हात सरळ वर केला आणि म्हणाली, "आई, मी पाणी पिऊ का?"

मी म्हटलं, "अगं, माठ समोर आहे. पी की."

तरी ती हात वर करून उभीच राहिली. मी "हो" म्हटल्यावर आत आली.