पंचेचाळीस अंशांचा कांदा

गुडघ्याचं ऑपरेशन आईचं झालं, पण लंगडत आम्ही सगळे होतो. टीव्हीवरच्या मालिका तिला बावळट वाटायच्या. भजनाच्या बायका भेटायला आल्या की त्या उठत नाहीत म्हणून चिडचिड, आणि नाही आल्या की माणुसकी मेली म्हणून चिडचिड. बाबांनी तर जवळच्या बागेत फेऱ्या मारायची नवी सवय लावून घेतली होती. मी तिला मोबाइलवर फळं जुळवायचा एक गेम घालून दिला. दोन फळं जुळली की जाहिरात. साखरेच्या औषधाची जाहिरात लागली तेव्हा तिने फोन माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाली, "मला आपला कांद्याचा खेळ पाहिजे."

हा खेळ काय ते सांगायला हवं. मी शाळेत होते तेव्हा द्वारका चौकात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर बाबांचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली ट्रकची धूळ आणि हॉर्न, वर मात्र देवघरासारखी शिस्त: चपला बाहेर, पडदे बंद, एसी चालू. एसी कॉम्प्युटरसाठी होता. माणसांना गारवा मिळायचा तो त्यांच्या प्रसादाचा. दुपारी बॅच नसायची, आणि तेव्हा लक्ष ठेवायच्या नावाखाली आई तिथे येऊन बसायची. खालच्या मजल्यावर ट्रकच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान होतं. त्या दुकानवाल्यांची बायको, आमच्या भाभी, काजबटणाचं काम घेऊन वर यायच्या. कारण अर्थातच एसी.

क्लासमध्ये शिकवायला लासलगावचा एक तरुण सर होता. त्याने डॉसमधला, म्हणजे विंडोज येण्याआधीच्या कॉम्प्युटरवरचा, एक साधा खेळ उघडून त्यात फेरफार केले होते. दोन टेकड्या, दोन माणसं, मध्ये डोंगर. आपण कोन आणि जोर असे दोन आकडे टाकायचे, की आपला माणूस समोरच्यावर कांदा भिरकावतो. मूळ खेळात काय भिरकावत ते मला आठवत नाही, पण लासलगावच्या माणसाला दुसरं काय सुचणार. नेम लागला की समोरचा फुटायचा आणि कॉम्प्युटर पिपाणीसारखा वाजायचा. आई आणि भाभी हे वर्षानुवर्षं खेळल्या. पुढे क्लास बंद झाला, इमारत पाडली, आणि भाभी मालेगावला मुलाकडे राहायला गेल्या.

खेळाची फाइल मिळणं अवघड नव्हतं. बाबांनी क्लासची सगळी फ्लॉपी-संपत्ती आधी सीडीवर आणि मग पेनड्राइव्हवर चढवून ठेवली होती, जशी काही लोक कुलदेवता गावोगाव नेतात. अडचण एवढीच की आजच्या कॉम्प्युटरला डॉसची भाषा कळत नाही. त्यासाठी एम्युलेटर लागतो, म्हणजे नव्या मशीनला आपण जुनं मशीन आहोत असं नाटक करायला लावणारं सॉफ्टवेअर. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

माझा लॅपटॉप ऑफिसचा, विंडोजचा. इन्स्टॉल करायला गेले तर त्याने अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला. तो आमच्या आयटीवाल्याकडे. त्याला कळवलं, तर त्याचं उत्तर आलं की कामाच्या दृष्टीने याची गरज काय ते लिहा. मी लिहिलं, आई. त्यावर त्याने फोन करून मला आदराने विचारलं की मॅडम, सगळं ठीक आहे ना. परवानगी मिळाली नाही, पण पुढचा आठवडाभर तो कॅन्टीनमध्ये आईची तब्येत विचारत राहिला.

मग नवऱ्याचा मॅक. नवरा लग्नपत्रिका आणि हॉटेलांची मेन्यूकार्डं डिझाइन करतो आणि तो लॅपटॉप मखमलीच्या फडक्याने पुसतो. मी एम्युलेटर उतरवून घेतला, तर मॅकने सांगितलं की याचा कर्ता कोण ते पडताळता आलेलं नाही, म्हणून उघडणार नाही. सोसायटीचा वॉचमन जसा नातेवाइकांना गेटवर उभं करतो तसं. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली. काळी खिडकी उघडली, पण तिला आमचं फोल्डर दिसेना. त्या फोल्डरलाच सी ड्राइव्ह समज असं तिला आधी सांगावं लागतं, हे मला वाचून कळलं. तेही सांगितलं आणि खेळ सुरू झाला. तेवढ्यात नवरा आला. त्याच्या स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवर कांदे उडताना पाहून त्याने सगळं काढून टाकलं आणि मला चहा करून दिला. आमच्या घरात याला भांडण म्हणतात.

शेवटी बाबांकडे जावं लागलं. बाबांनी निवृत्तीनंतर आपल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं आहे, आणि ते इतरांनी घालावं म्हणून त्यांची तळमळ माळकऱ्याने मटण खाणाऱ्यांविषयी बाळगावी तशी आहे. ते याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांनी एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं, आणि एम्युलेटर आला. मग ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी दोन्ही हात जोडले.

त्यांचा विजय फार टिकला नाही. खेळ पूर्ण स्क्रीनवर घेतला तर उंदीर, म्हणजे माउस, आत अडकला आणि बाहेर येईना. बाबांनी दिसेल ती कळ दाबली आणि शेवटी बॅटरीच काढली. पुन्हा सुरू केलं, तर आता वेगाची भानगड. पूर्वीच्या मशीनवर कांदा सावकाश, पत्ता शोधत असल्यासारखा उडायचा. आता आकडे टाकले की कांदा दिसायच्या आधीच कोणीतरी फुटलेलं असायचं. आई म्हणाली की हे तर बातम्यांसारखं झालं, काय झालं ते कळतं, कसं झालं ते नाही. एम्युलेटरचा वेग कमी करायच्या कळा असतात. मी त्या दाबत राहिले आणि आई कांद्याकडे पाहत "अजून हळू, अजून हळू" म्हणत राहिली. एका क्षणी तिने माझा हात कळांवरून बाजूला केला. कांदा वर चढला, वरती जरासा थबकल्यासारखा वाटला, आणि खाली आला. आईने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

दोन दिवस ती दोन्ही बाजूंनी एकटीच खेळली, आणि डावीकडच्या बाजूला, म्हणजे स्वतःला, सरळसरळ झुकतं माप देत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, हरवायला माणूस नसेल तर काय मजा. भाभींना बोलव.

भाभींचा मुलगा त्यांना गाडीने सोडून गेला. दोघी आधी गुडघा, मग डोळे, मग सुना या क्रमाने बोलल्या आणि मग लॅपटॉपसमोर बसल्या. तेव्हा कळलं की भाभींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय आणि दुसऱ्यानेही त्यांना स्क्रीनवर नुसता धूर दिसतो. मला वाटलं, संपलं. पण भाभी म्हणाल्या, मॅडम डोंगर कसाय ते सांगतील, मी आकडे सांगते, बेटा टाइप करेल. त्या आईला पहिल्यापासून मॅडमच म्हणतात.

म्हणजे आईने स्वतःवर कांदा पाडायला शत्रूला मदत करायची. ती लगेच तयार झाली. मधला डोंगर बुटका होता. आईने पाहिलं, चष्मा सारखा केला आणि शांतपणे सांगितलं, "फार उंच आहे, भाभी. सत्तरचा कोन द्या." कांदा जवळजवळ आभाळात गेला आणि भाभींच्याच अंगणात पडला. बाबांनी खोकून निषेध नोंदवला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर भाभींनीच माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, तू गप बस, मॅडमना सांगू दे.

आईने पुन्हा सत्तर सांगितलं. भाभी म्हणाल्या, पंचेचाळीस टाक. आई फुटली. पुढच्या डावात आईने साठ सांगितलं, भाभींनी पस्तीस टाकायला लावलं. आई पुन्हा फुटली. पिपाणी वाजली.

मी विचारलं की हे कसं जमतं, तर भाभी आईकडे न बघता म्हणाल्या, "तेरी अम्मी झूट बोलती, पर नाप का बोलती. हर बार उतनाच."

एसीतल्या त्या दुपारांत आईने त्यांना इतकी वर्षं काय काय सांगितलं असेल आणि भाभींनी मनातल्या मनात किती वजा केलं असेल, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं. आईचा चेहरा पडला होता. मग तिने चष्मा नव्हता म्हणून सांगितलं. चष्मा तिच्या नाकावर होता. भाभी पदराआड हसायला लागल्या, बाबा हसले, आणि शेवटी आईही इतकी हसली की तिला गुडघा धरावा लागला. ऑपरेशननंतर ती हसलेली मी पाहिली नव्हती.

भाभी एका दिवसासाठी आल्या होत्या. राहिल्या चांगल्या आठवडाभर. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की डोळ्याचं झालं की हे मालेगावला पण पाहिजे.

त्यांचं ऑपरेशन झाल्यावर मी जाऊन त्यांच्या टॅबवर एम्युलेटर घातला. अँड्रॉइडवर कीबोर्ड अर्धा स्क्रीन खातो, त्यामुळे डोंगराचं नुसतं टोक दिसतं. भाभींची काही तक्रार नव्हती. पण आता दोघींना एकमेकींशी फोनवरून खेळायचं होतं. मी समजावून सांगितलं की हे दोन वेगळे खेळ आहेत, प्रत्येकीच्या मशीनवरचे डोंगर वेगळे, आई इथून मारेल तो कांदा मालेगावात पडणार नाही. दोघींनी ऐकून घेतलं आणि मला फोन स्पीकरवर टाकून द्यायला सांगितलं.

दुपारचा चहा झाला की फोन लागतो. आई कोन सांगते, तिकडून भाभी कोन सांगतात, मग दोन्हीकडे थोडी शांतता आणि दोन पिपाण्या. इथे रोज आई जिंकते. तिथे, असं ऐकते, रोज भाभी जिंकतात. बाबा म्हणतात की दोन एम्युलेटर नेटवर्कवर जोडता येतात, म्हणजे खरं काय ते कळेल, आणि ते त्याबद्दल वाचत बसलेत. मी त्यांना सांगितलंय, सावकाश वाचा.