सैल पट्ट्याचं गाणं

विभावरीचा कान तयार नाही, हे तिच्या पुण्याच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नानंतर ते सासरी कळलं, आणि पुढे नवऱ्याबरोबर आयर्लंडला येताना तिने ते स्वतःच बरोबर आणलं. तिथल्या नास गावाजवळच्या औषधांच्या कारखान्यात ती जंतूंची तपासणी करते. काचेच्या बशीतला ठिपका जंतूचा की धुळीचा, हे ती हातभर अंतरावरून सांगते. डोळ्यांबद्दल तिची तक्रार नव्हतीच. पण एखादा आयरिश सहकारी भरभर बोलायला लागला की ती आधीच शरणागती पत्करायची आणि माझा कान जरा मंद आहे हं, असं हसून सांगून टाकायची.

या कीर्तीचं मूळ जपानी भाषेत होतं. ती कॉलेजात होती तेव्हा पुण्यात निम्मी गल्ली जपानी शिकत होती, तशी तीही शिकायला लागली. क्लासच्या बाईंनी धड्यांची कॅसेट दिली. तिच्या दुसऱ्या बाजूला कोण्या मैत्रिणीने एक गाणं भरून दिलं. जपानातल्या शाळकरी मुली ज्या गाण्यांवर जीव टाकतात, त्यातलं एक. शाळेचा शेवटचा दिवस आहे, एक मुलगी सायकलवरून उतार उतरते आहे, मनातलं बोलायचं राहूनच गेलंय, आणि उतार संपेपर्यंत तरी मला सतरा वर्षांचीच राहू द्या, असं ती वाऱ्याला सांगते आहे. ही कॅसेट ऐकायला वडिलांनी, दीनानाथांनी, जुन्या बाजारातून टेपरेकॉर्डर आणला. घासाघीस करून आणला आणि महिनाभर त्या घासाघिशीचं कौतुक सांगितलं.

त्या टेपचा आतला रबरी पट्टा सैल झालेला होता. सगळं त्यावर संथ वाजायचं, आणि त्यावर दुसरं काही कुणी वाजवतच नसल्यामुळे ते कळायला मार्ग नव्हता. विभावरीला वाटायचं, काय शांत माणसं आहेत ही, एकेक शब्द तोलून बोलतात. गाण्यातला आवाजही भरदार, सावकाश. गाणारी चांगली चाळिशीची असणार आणि सरलेल्या दिवसांकडे वळून बघत असणार, असं तिने धरूनच टाकलं. तिने ते भावगीतासारखं बसवलं, मध्ये एक छोटीशी मुरकीही घातली.

मग परीक्षा आली. लेखी पेपरात तिने भरघोस मार्क मिळवले. ऐकण्याच्या पेपरात मात्र ती शांत माणसं अचानक पिसाळल्यासारखी बोलायला लागली. विभावरी समोरच्या पर्यवेक्षकांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि नापास झाली. दीनानाथ म्हणाले, तानसेन नाही तर निदान कानसेन तरी व्हावं म्हणतात, आमच्या घरात दोन्हींचा दुष्काळ. ते थट्टेत एकदाच बोलले, पण तिने ते जन्मभर जपलं. जपानी सुटली, उरलं ते एक गाणं, कणीक मळताना गुणगुणायला.

तिची लेक क्षितिजा सोळा वर्षांची, जन्म नासचाच. मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र तिथल्या किल्डेअर परगण्याच्या इंग्रजीत. आणि या पोरीला वेड कसलं, तर जपानी मुलींच्या गाण्यांचं. सकाळी शाळेत सोडताना गाडीत तीच गाणी. आपण कधीकाळी जपानी शिकलो, हे विभावरीने तिला सांगितलंच नव्हतं. नापासाने काय सांगायचं? अधूनमधून गाडीत एखादी ओळ तिला चक्क समजायची. पण कान तयार नाही म्हटल्यावर ती ते योगायोगात जमा करायची.

यंदा वसंतात क्लोनडॉकिन गावातल्या एका सभागृहात जपानी गाण्यांची स्पर्धा ठरली. वयाची अट नव्हती. क्षितिजाची सगळी टोळी ऐकायला जाणार होती. विभावरीने गुपचूप आपलं नाव दिलं. एकदा, फक्त एकदा, ते गाणं लोकांपुढे म्हणायचं होतं. क्षितिजाला कळलं तेव्हा तिचा चेहराच लाल झाला.

"आय'म स्कार्लेट फॉर यू, आई," ती म्हणाली, म्हणजे आईच्या वाटची लाज तिलाच वाटत होती. ही गाणी मुलींची असतात, आयांची नाही, असंही तिने ऐकवलं.

माझं गाणं चाळिशीतल्या बाईनेच गायलंय, असं विभावरीने ठणकावलं. क्षितिजाने फोनवर शोधलं आणि लावलं. स्वयंपाकघरात एक कोवळा, पातळ आवाज टणाटण उड्या मारायला लागला.

"तू हे फास्ट लावलंयस."

"आई, धिस इज द ओरिजिनल."

विभावरी खुर्चीत बसली. आधी आपलं गाणंच कुणीतरी चोरल्यासारखं वाटलं. मग हळूहळू उलगडा होत गेला. टेप संथ, म्हणजे गाणं संथ, म्हणजे धडेही संथ. म्हणजे परीक्षेतली माणसं पिसाळलेली नव्हतीच. तिला राग आला; जुन्या बाजाराचा आला, वडिलांच्या त्या घासाघिशीचा आला. आणि रागाच्या पाठोपाठ मनात आलं, की मग आपला कान?

पण इतक्या वर्षांचा समज एका तर्काने जात नाही. आणि स्पर्धेचा नियम असा होता, की गाणं झालं की परीक्षक जपानीतून एक प्रश्न विचारणार. खरी परीक्षा तिथे होती. लेकीच्या मैत्रिणींदेखत पुन्हा नुसतं तोंडाकडे बघत राहायची वेळ आली असती, तर मग पट्ट्याला दोष देण्याचीही सोय उरली नसती.

तिने मूळ वेगात म्हणून बघितलं. दुसऱ्याच ओळीला जीभ अडखळली. ओट्याला टेकून बघणाऱ्या क्षितिजाने मग तिला तिचं ते म्हणायला सांगितलं, जरा कंटाळूनच. विभावरीने परातीत हात घातला आणि कणीक मळत म्हटलं, मुरकीसकट. ते संपल्यावर क्षितिजा ओट्यापासून दूर झाली. ती वर जाऊन लॅपटॉप घेऊन आली, गाण्याची नुसती वाद्यं तिने वेगळी शोधून काढली आणि त्यांचा वेग उतरवायला लागली.

"अजून थोडं," विभावरी सांगत होती. "अजून. थांब, हेच."

जुन्या बाजारातला टेप नासच्या स्वयंपाकघरात जसाच्या तसा वाजायला लागला. सैल पट्टा लेकीने हाताने परत बसवला होता. विभावरीचे डोळे भरून आले आणि कणकेच्या हातांनी ते पुसताही येईनात.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह जपानी शाळेचे निळे गणवेश घातलेल्या आयरिश पोरींनी गजबजलं होतं. सगळ्या उड्या मारत गात होत्या. त्यांच्यामागून विभावरी आली, इरकल साडी आणि वर कार्डिगन. कुणीतरी फिसकन हसलं. संगीत सुरू झालं तसं यंत्र बिघडलं की काय म्हणून दोघेतिघे उठले. ती गायला लागली तसे ते बसले. गाण्यातला उतार हळूहळू सरत होता. सतरा वर्षांचं राहू द्या, ही ओळ आली तेव्हा पोरींची कुजबुजही थांबली. गाणं संपलं, आणि मग त्या पोरींनी पाय आपटून सभागृह दणाणून सोडलं. सगळ्यांत जोरात आपटणारी क्षितिजा होती.

मग प्रश्न. परीक्षक मोरिताबाई किलकेनी गावात जपानी शिकवत. त्यांनी माईक ओढला आणि एका दमात सुरुवात केली. विभावरी नेहमीप्रमाणे डोक्यात धुकं उतरायची वाट बघत राहिली. ते उतरलंच नाही; रोज सकाळी गाडीत ती याच वेगाने तर ऐकत आली होती. जपानात शाळेत असताना आम्ही हे बसमागे धावताना म्हणायचो, बाई विचारत होत्या, तुम्हाला इतकं सावकाश म्हणायला कुणी शिकवलं?

"टेपरेकॉर्डरने," विभावरी जपानीत म्हणाली. "त्याचा पट्टा सैल होता."

मोरिताबाई टेबल धरून हसल्या. त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा सगळं सभागृह हसलं. पहिलं बक्षीस त्यांनी तिच्याच हातात ठेवलं, आणि बाहेर व्हरांड्यात तिला गाठून किती तरी वेळ भरभर बोलत राहिल्या. क्षितिजा शेजारी उभी होती, आईचा हात धरून, मैत्रिणींदेखत.

"यू गॉट ऑल दॅट?" तिने नंतर विचारलं.

"शब्द न् शब्द."

दुसऱ्या दिवशी विभावरीने पुण्याला फोन लावला आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, आपल्या घरात एक कानसेन होता. तुम्ही फक्त टेप स्वस्तातला आणलात." दीनानाथांना आता ऐकू कमी येतं. म्हणून तिने ते पुन्हा एकदा सांगितलं, अगदी त्या टेपच्या संथ चालीने.