नूनाचा धाकटा भाऊ

"ओके, डन?" हा आमच्या साहेबांचा आवडता प्रश्न. मीटिंगमध्ये तुमचं पहिलं वाक्य संपायच्या आत ते टेबलावर बोटांनी टकटक करत तो विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता लॅपटॉप मिटून उभेही राहायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा प्राणी असेल, आठवून बघा.

सिडनीच्या पॅरामॅटा भागातल्या आमच्या ऑफिसात ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. मूळचे कोरियाचे, तरुणपणी सिडनीला आलेले, आता साठी उलटलेली. बायको काही वर्षांपूर्वी वारली, मुलगी लग्न होऊन मेलबर्नला गेली. कॅसल हिलच्या मोठ्या घरात ते एकटेच राहायचे. दुपारचा डबाही स्क्रीनकडे बघत उरकायचे. "एकटं जेवायला कंटाळा नाही येत?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नो वरीज. एकट्याचं लवकर आटपतं."

गेल्या वर्षी कामासाठी आम्हा दोघांना सेऊलला पाठवलं होतं. काम संपलं, मध्ये शनिवार-रविवार मोकळे. मी बाजार पालथे घालायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "माझ्या बहिणीच्या गावी येतेस? शांत आहे."

"बघण्यासारखं काय आहे तिथे?"

"काही नाही."

इतक्या प्रामाणिक आमंत्रणाला नाही म्हणवेना.

आधी ट्रेन, मग डोंगरातून वळणं घेणारी बस. खरं कारण बसमध्ये कळलं. बहीण सत्तरीच्या पुढची, लग्न न केलेली, आईवडिलांच्या घरात एकटी राहणारी. ते घर विकून तिने सिडनीला यावं, यासाठी तिचं मन वळवायचं होतं.

"तू बरोबर असलीस की ती ओरडणार नाही," ते म्हणाले. "पाहुण्यांसमोर आमच्याकडे भांडत नाहीत."

म्हणजे सहलीच्या नावाखाली मला ढाल म्हणून आणलं होतं तर!

नूना फाटकाशीच उभ्या होत्या. नूना म्हणजे ताई. भाऊ मोठ्या बहिणीला तशी हाक मारतो. ठेंगणी मूर्ती, फुलाफुलांची सैल विजार, चेहऱ्यावर उन्हाचा रापलेपणा. भावाला बघताच त्यांनी जे बोलायला सुरुवात केली, ते आम्ही चपला काढून घरात जाईपर्यंत चालूच होतं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"वेलकम म्हणाली."

मला कोरियनचं अक्षरही येत नाही. पण 'किती वाळलायस, खातोस काय, आणि या थंडीत असलं पातळ जाकीट कुणी घालतं का' हे समजायला भाषा यावी लागत नाही.

गाव खरंच शांत होतं. भाताची कापणी होऊन गेलेली, शेतं रिकामी. घरोघरी वळचणीला टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या, सोललेल्या पर्सिमन फळांच्या केशरी माळा वाळत टांगलेल्या. मी मासे-मटण खात नाही म्हटल्यावर नूनांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं, आणि भोपळा, पालेभाजी आणि भात माझ्यापुढे इतका वाढला की ताट दिसेना.

संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांच्या हातात सुऱ्या दिल्या आणि पर्सिमनची टोपली पुढे सरकवली. सोलता सोलता भावाने विषय काढला. बहुधा पाठ करून आणलं असावं. एका दमात सगळं बोलून टाकलं. नूना ऐकत होत्या, त्यांच्या सुरीखालून लांबच लांब साल उतरत होती. मग त्या बोलायला लागल्या. आवाज चढत गेला. पाहुणीचा काडीचाही उपयोग झाला नाही.

"काय म्हणतायत?"

"विचार करते म्हणाली."

"खरं सांगा."

त्यांनी हातातलं फळ खाली ठेवलं. "म्हणते, तू कामावर गेलास की मी दिवसभर बोलू कुणाशी? तुझ्या फ्रिजशी?"

पुण्याहून माझी आईही फोनवर साधारण हेच विचारते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नूना आम्हाला गावच्या समाजमंदिरात घेऊन गेल्या. तिथली फरशी खालून तापवलेली, आणि तिच्यावर गावातल्या म्हाताऱ्या ऐसपैस बसलेल्या. थंडीच्या दिवसांत त्या सगळ्या दुपारचं एकत्रच जेवतात. आमच्या साहेबांना बघून एकच गलका झाला. एकीने त्यांचा कान धरला. दुसरी हातवारे करून काहीतरी सांगायला लागली आणि सगळ्या हसून लोटपोट.

"मी लहानपणी यांच्या गाईला घाबरून झाडावर चढलो होतो," त्यांनी मला सांगितलं. "मग उतरता येईना." या वेळी भाषांतरात काही गाळलं नसावं, कारण त्यांचे कान लाल झाले होते.

जी ती त्यांच्या वाडग्यात काहीतरी वाढत होती. ते जेवत राहिले, बोलत राहिले. जेवण झाल्यावर भिंतीला टेकले, हळूहळू घसरले आणि चक्क झोपले. म्हाताऱ्यांचे आवाज आपोआप खाली आले. नूनांनी त्यांच्या अंगावर रजई घातली. बसची वेळ झाली म्हणून मी घड्याळाकडे बोट दाखवलं, तर त्यांनी हातानेच 'राहू दे' म्हटलं आणि माझ्या पुढ्यात आणखी एक पर्सिमन ठेवलं.

ती बस चुकली. नंतरच्या बसमध्ये ते खिडकीतून मागे पडणारं गाव बघत होते.

"मी इतकी वर्षं नूनाला एकटी समजत होतो," ते म्हणाले, आणि स्वतःशीच हसले.

काही महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला, कॅसल हिलचं घर भाड्याने दिलं. निरोपाच्या केकच्या वेळी कुणीतरी विचारलं, "तिथे करणार काय, मेट?" तर म्हणाले, "नूना सांगेल ते."

आता शेजारच्या टेबलावर नवीन मुलगी बसते, कानात हेडफोन घालून. चांगली आहे बिचारी, पण मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. मध्यंतरी न राहवून मी त्यांना फोन केला.

"कसे आहात?"

"काय सांगू! अख्ख्या गावात मी सगळ्यात धाकटा आहे. जी ती मला काम सांगते. काल छपरावर चढवलं होतं, आज कोबी धुवायचे आहेत." तक्रारीचे शब्द होते, पण असा खुशीचा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात मागून नूनांची हाक आली, लांबलचक आणि चढ्या आवाजातली. ते "आलो, आलो" म्हणत धावले असावेत. फोन बंद करायचंही विसरले. मी बराच वेळ तो कानाशी धरून त्या दोघांचं बोलणं ऐकत बसले, एक अक्षरही न कळता.