फ्लेक्सवरचा चांदसाहेब

उंब्रजच्या बाजारपेठेत चांदसाहेब गाद्या भरायचा. तरुणपणी तालमीत घुमलेला, साठीतही मान बैलासारखी. साताऱ्याच्या एका तेलवाल्यानं त्याचा मांडी ठोकतानाचा फोटो काढून नेला आणि स्टँडसमोर भलामोठा फ्लेक्स लावला : ‘या तेलानं माझे गुडघे पुन्हा जवान झाले.’ चांदसाहेबानं ते तेल हुंगलंही नव्हतं. पण येणारे-जाणारे थांबून बघायचे, त्यालाही बरं वाटायचं.

“जाहिरातीत असंच लिवत्यात,” तो बायकोला, खातूनबीला, म्हणाला.

एका दुपारी मेढ्याकडचा नाथाजी दुकानात शिरला. त्यानं कापूस झोडायची काठी उचलली आणि चांदसाहेबाच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज खातूनबीला आत ऐकू गेला. दुसरा घाव कानावर बसला. कापसाचा ढीग लाल झाला. तरी चांदसाहेबानं धड हातानं नाथाजीचा गळा धरून त्याला भिंतीला दाबलं. नाथाजीचे डोळे फिरायला लागले.

“आवं सोडा, मरंल त्यो,” खातूनबी मधे पडली.

पकड ढिली झाली. नाथाजी खोकत म्हणाला, “माझ्या बायकूच्या गुडघ्याची कातडी निघाली. दवाखान्यात पडलीया. तुझ्या तोंडाकडं बघून तेल आणलं हुतं.”

“म्या कवाच लावलं न्हाई त्ये.”

“मग फोटूत कशाला हुबा राह्यलास?”

चांदसाहेबानं खांदा बांधायला खातूनबीकडं फडकं मागितलं.

खांदा बांधून तो नाथाजीबरोबर साताऱ्याला गेला. दवाखान्यात नाथाजीच्या बायकोचे, रंगुबाईचे, गुडघे सोललेल्या बीटासारखे दिसत होते. तिथून दोघं थेट तेलवाल्याकडं गेले. चांदसाहेबानं रंगुबाईची तेलाची बाटली पुढं केली.

“तुज्या गुडघ्याला लाव.”

“काका, जाहिरात असते ती. लोकांना कळतं,” तेलवाला हसला.

नाथाजीनं बाटली त्याच्या कपाळावर फोडली. तेल डोळ्यांत उतरलं तसा तो फरशीवर लोळत किंचाळला. कामगारांनी दोघांना सळयांनी झोडपलं. चांदसाहेबाचे पुढचे दात तिथंच पडले.

पोलीस केस झाली आणि तेलाचा धंदा बंद झाला. मारहाणीचा खटला मात्र या दोघांवरही चालू आहे. घरी परतल्यावर चांदसाहेबानं शिडीवर चढून धड हातानं तो फ्लेक्स कोयत्यानं फाडला. सुरुवात स्वतःच्या तोंडापासून केली.

आता टीव्हीवर कुणी हसत साबण दाखवला की खातूनबी शेजारणींना विचारते, “ह्यो सवता लावत असंल का गं?” शेजारणी आधी हसायच्या. आता त्याही दुकानदाराला तेच विचारतात.