झेंडूखाली गेलेली मॅच

थांबा, बाकीचं सगळं राहू द्या, हे आधी ऐका. आत्ताच सांगते, कारण उद्यापर्यंत माझा राग उतरेल आणि मग मीसुद्धा सगळ्यांसारखं "जाऊ दे ना" म्हणेन. मला ते म्हणायचं नाहीये.

झालं असं, की आज आमच्या टायपिंगच्या क्लासला कोणीतरी पाहुणे आले. म्हणजे काय, मशिनं बंद, सगळे उभे, शाल, नारळ, हार. हार झेंडूचा. तो वास नाकात गेला आणि मी तोंड फिरवलं. फुलांच्या मळ्यातली मुलगी मी, जन्मापासून झेंडूत लोळलेली, आणि तोंडावर रुमाल धरून उभी. शेजारच्या मशिनवरची मैत्रीण हळूच म्हणाली, "काय गं, पित्त झालं का?"

"पित्त नाही, फुटबॉल," मी म्हटलं.

तिला वाटलं मला ताप आलाय. आता सर पाहुण्यांना घेऊन चहाला गेलेत, म्हणून धडा टाईप करायचा सोडून मी हे बडवत सुटलेय. या मशिनचा 'ळ' अडकतो, तेवढं सांभाळून घ्या.

तर आमचा मळा नाशकात, मखमलाबादच्या अलीकडे. झेंडू, शेवंती, बांधाला थोडा निशिगंध. पहाटे तोडायचं, नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सायकलला पाट्या बांधून फुलबाजारात न्यायचं, आणि उरलेल्याचे हार आई आणि मी ओवायचे. माझा थोरला भाऊ, दादा, तेवढा या फुलांतून सुटला होता. तो सातपूरच्या कारखान्यात लेथ मशिनवर कामाला होता आणि तिथून सुटला की फुटबॉल खेळायला जायचा. नाशकात तेव्हा फुटबॉल म्हणजे काय, सांगते. मी कुणाला म्हटलं की माझा भाऊ फुटबॉल खेळतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला, "ते ठीक आहे, पण काम काय करतो?"

त्या वर्षी दादाच्या क्लबनं अख्ख्या देशाच्या कपात नाव घातलं. आधी जिल्ह्याजिल्ह्यांच्या टीम आपसात खेळणार, त्यातून उरतील त्या कलकत्त्याला जाऊन तिथल्या मोठ्या क्लबांशी भिडणार. हरला की बाहेर, दुसरा चान्स नाही. दादानं हे आईला भाकरी खाता खाता समजावून सांगितलं.

"म्हणजे कुस्तीसारखं?" आई म्हणाली.

"हो, तसंच."

"मग बरंय. लवकर येशील घरी."

पण दादा लवकर घरी आला नाही. पहिली मॅच भुसावळला जिंकले. दुसरी नगरला, तीपण जिंकले, आणि येताना गाडी चुकली म्हणून कांद्याच्या ट्रकमधून आले. दोन दिवस त्याच्या अंगाला कांद्याचा वास येत होता, पण त्याचं तोंड बघायला हवं होतं. तिसरी मॅच नाशकातच होती, नागपूरकडच्या टीमशी. ती जिंकली की कलकत्ता.

आता कलकत्ता म्हणजे काय तेही सांगायला हवं. दादाच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवलेला होता, पेपरातून कापलेला. एक मैदान, आणि भोवती माणसंच माणसं, झाडांवरसुद्धा. कपडे काढायला पेटी उघडली की आधी तो फोटो. मला एकदा म्हणाला, "त्या गवतावर एकदा बूट टेकवायचेत. जिंकेन असं नाही म्हणत मी. नुसतं एकदा खेळायचंय तिथं." आणि एकदाच जमण्यासारखं होतं. त्याचा गुडघा सुजायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा हिवाळा खेळ, पुढचा विसर.

इथपर्यंत सगळं छान आहे. इथून पुढे माझं डोकं सणकायला लागतं.

एवढ्या मोठ्या कपाची मॅच आपल्या गावात, म्हणून एक समिती झाली. क्लबचे सेक्रेटरी स्वतः मळ्यात आले. पांढरी पॅन्ट, बांधावर चिखल लागू नये म्हणून टाचा उचलून चालत होते.

"नाना, हार लागतील. दोन पाट्या भरून."

नाना म्हणाले, "दोन पाट्या? खेळणारे किती हायत?"

"खेळणाऱ्यांना कोण घालतंय? पाहुण्यांना."

दादा तिथंच सायकल पुसत होता. तो म्हणाला, "काका, साडेतीनला शिट्टी वाजलीच पाहिजे. बरोबरी झाली तर जादा वेळ खेळावा लागतो. डिसेंबर आहे, सहाला दिसत नाही, आणि आपल्याकडे दिवे नाहीत."

"अरे हो रे बाबा. दोन सत्कार, की लगेच मॅच."

दोन सत्कारांना दोन पाट्या हार. हे तेव्हाच कळायला हवं होतं ना? पण दादा खूश झाला आणि नानापण खूश झाले. पहिल्यांदाच दादाच्या खेळाचा मळ्याला काही उपयोग झाला होता. मुलाची मॅच बघायलाही ते पहिल्यांदाच निघाले होते, हारांच्या पाट्या घेऊन.

मैदानावर गेलो तर डाव्या कोपऱ्याला मंडप. मंडपाचे दोर ताणून खुंट्या ठोकल्या होत्या त्या थेट मैदानाच्या आत. दादा डाव्या बाजूनंच खेळायचा, तो त्याचा कोपरा. तो सेक्रेटरींना म्हणाला, "काका, हे दोर आत आलेत."

"मग आज उजवीकडून खेळ की."

मी शप्पथ सांगते, असंच म्हणाले.

साडेतीनला दोन्ही टीम तयार. मुख्य पाहुण्यांचा पत्ता नाही. निरोप आला, साहेब द्वारका चौकात ट्रकच्या रांगेत अडकलेत. खेळाडू पळून पळून गरम झाले, मग उभे राहून गार झाले, मग खाली बसले. मुंबईहून आलेले रेफरी घड्याळ दाखवत म्हणाले, "शुरू करें?" सेक्रेटरींनी त्यांच्याकडे असं बघितलं जसं काही ते नवरदेव यायच्या आधी अक्षता टाका म्हणताहेत.

मग साहेब आले. दीपप्रज्वलन. मोकळ्या मैदानात, वाऱ्यात. समई लावली, विझली, लावली, विझली, शेवटी एकानं धोतराचा आडोसा केला. मग शाळेच्या मुलींचं स्वागतगीत, सगळी कडवी. मग प्रास्ताविक. मग हार सुरू. साहेबांना हार, साहेबांबरोबर आले त्यांना हार, मैदान दिलं त्यांना, मंडप दिला त्यांना, माईक दिला त्याला. मी आणि आई मंडपामागे गोणपाटावर बसून पाट्या सांभाळत होतो. पुढून हात यायचा, हार जायचा. ज्यांना घातला ते लगेच काढून खुर्चीखाली टाकायचे, आणि पानाची पिंक त्याच्यावरच. पहाटे दवात तोडलेली माझी शेवंती आणि त्यावर लाल थुंकी. मला तेव्हाच पहिल्यांदा तो वास नकोसा झाला.

तेवढ्यात सेक्रेटरी पळत मागे आले. "वहिनी, अजून ओवा. पाच-सहा."

आई म्हणाली, "अहो, दोन पाट्या आणल्यात."

"ते रुसलेत ना. त्यांचं नाव घ्यायचं राहिलं."

कोण रुसलेत ते मी कनातीच्या फटीतून बघितलं. पहिल्या रांगेत एक टोपीवाले काका मैदानाकडे पाठ करून बसले होते. जवळ जाऊन कुणी समजूत घातली की म्हणायचे, "नको नको, आमचं काय, आम्ही चाललोच." पण उठत नव्हते. त्यांना एकट्याला घातला तर त्यांच्या शेजारच्याला काय वाटेल, म्हणून पाच-सहा. आई सुईत दोरा ओवत पुटपुटली, "लग्नात व्याह्यांचं असं असतं. इथं कुणाची पोरगी उजवायचीय?"

मग साहेबांचं भाषण. मैदान माणसाला शिस्त शिकवतं, म्हणाले. ऊन गोलपोस्टच्या खाली उतरत होतं. दादा बूट घालून मांडी घालून बसला होता आणि भाषणाकडे नाही, उन्हाकडे बघत होता. नुसता उन्हाकडे.

शेवटी साहेबांनी नारळ फोडला. कुठं फोडावा? गोलपोस्टवर. नारळपाणी गोलच्या तोंडाशी, करवंटीचे तुकडे गवतात, आणि आपला गोलकीपर वाकून वाकून ते वेचतोय. पाठीमागून लोक टाळ्या वाजवताहेत.

मग मॅच झाली. हो, झाली. आणि काय झाली, ते मला कुणी विचारतच नाही. नागपूरवाल्यांनी आधी गोल केला. दादा मात्र त्या दोरांमधून उड्या मारत असा काही पळत होता, की नाना पाटी ठेवून उभेच राहिले. मला म्हणाले, "तो आपला का?"

"हो मग."

"एवढं पळता येतं त्याला? मळ्यात तर पाय ओढत चालतो."

मध्यंतरात आणखी एक पाहुणे उगवले. उशिरा आल्याबद्दल दिलगिरी, मग हार, मग दोन शब्द. त्यांचे दोन शब्द संपेपर्यंत मैदानावर मंडपाची सावली पसरली होती. रेफरी शिट्टी वाजवत होते आणि माईकवाला त्यांना हातानं थांबवत होता. लोक हसत होते. यात हसण्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

खेळ परत सुरू झाला आणि दादानं गोल केला. पलीकडून बॉल आला, याच्या छातीवर पडला, खाली यायच्या आत यानं तो उडवला. नाना ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली, एवढंच. एक-एक. शेवटी तर नागपूरवाले अक्षरशः पळायचे थांबले होते. कोणीही सांगितलं असतं, जादा वेळात आपणच मारणार.

पण जादा वेळ झालाच नाही. रेफरींनी बॉल हातात घेतला आणि म्हणाले, "बॉल नहीं दिख रहा." खरंच दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी खेळवायला वेळ नव्हता, जिंकणाऱ्यांची पुढची तारीख ठरलेली होती. मग टॉस. अख्ख्या देशाच्या कपाची मॅच, भुसावळ, नगर, कांद्याचा ट्रक, सुजलेला गुडघा, आणि शेवटी छापा-काटा.

आणि तेही सरळ नाही. सेक्रेटरींनी दोन्ही कॅप्टनना स्टेजवर बोलावलं. साहेब तर कधीच गेले होते, मग नाणं उडवण्याचा मान कुणाला? रुसलेल्या टोपीवाल्या काकांना. त्यांनी आधी माईक मागितला. मला हा मान दिल्याबद्दल समितीचा आभारी आहे, म्हणाले. मग खिशात नाणं सापडेना. मग सापडलं. आमचा कॅप्टन म्हणाला, काटा.

छापा पडला.

एकानं सवयीनं टाळी वाजवली.

दादा स्टेजच्या खाली उभा होता. वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला, त्याही त्याला अंधारात सापडत नव्हत्या. आणि तेवढ्यात माईकवर परत सेक्रेटरी, की आता गोल करणाऱ्या आपल्या खेळाडूचा सत्कार करू या. खाली वाकून नानांना म्हणाले, "नाना, एक हार द्या बरं."

"संपले," नाना म्हणाले.

पाटी समोर होती. आईनं मागाहून ओवलेल्यातले उरलेले हार त्यात होते, अंधार होता तरी पिवळे दिसत होते.

"हे काय नाना, आहेत की."

"ते म्हशीचे हायत," नाना म्हणाले आणि पाटी उचलून चालायला लागले.

रात्री ते हार खरंच म्हशीपुढे टाकले. दादानं पेटी उघडून बूट आत ठेवले आणि झाकण लावलं. नाना दारातच उभे होते. म्हणाले, "छातीवर घेतलास तो. दुखलं नाय का?" दादा म्हणाला, "नाही." बस, एवढंच बोलले दोघं.

पुढे कलकत्त्याचा निकाल पेपरात आला, तळाशी, दोन ओळींचा. नागपूरवाल्यांना तिथं सहा गोल बसले होते. मला तर बरंच वाटलं. मी पेपर घेऊन दादाकडे पळाले, "बघ, तुम्हालापण असेच बसले असते."

दादानं त्या दोन ओळी परत परत वाचल्या. म्हणाला, "बसले असते गं. पण तिथं उभं राहून बसले असते."

त्यानंतर तो खेळला नाही. गुडघ्यामुळे, असं सगळे म्हणतात. तो फोटो अजून पेटीत आहे, आता त्याच्या मुलीचे कपडे असतात त्यात. सेक्रेटरी अजून हार न्यायला येतात आणि दरवेळी सांगतात, "काय देखणा कार्यक्रम झाला होता नाना आपला." कार्यक्रम. त्यांच्या लेखी त्या दिवशी कार्यक्रम झाला, आणि मध्येच कुणीतरी थोडा फुटबॉल खेळून गेलं.

जिन्यावर सरांचा आवाज येतोय. मघाशी जाता जाता म्हणाले, "पुढच्या वेळी हार तुमच्याच मळ्यातून आणू." मी म्हटलं, संपलेत. सर म्हणाले, अगं पुढच्या महिन्यात. मी म्हटलं, पुढच्या महिन्यातपण संपलेत.

मला फक्त एवढं सांगा, हे आमच्याच नशिबी आलं का? तुमच्या घरातल्या कुणाचा उजेड असा कुणाच्या गळ्यात हार घालता घालता संपलाय का? आणि तेव्हा तुमच्या शेजारी कुणी टाळी वाजवत होतं का?